पुढे पाठवण्याआधी एक फोन

फवारणीचे दिवस आले की दवाखान्यात मी फोन हाताशीच ठेवतो. त्याचे कारण सांगतो.

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसच्या आसपास माणसे दगावली. त्या हंगामात माझ्याकडे आलेला जवळजवळ प्रत्येक रुग्ण मी चिठ्ठी लिहून यवतमाळच्या मोठ्या रुग्णालयात धाडला. कुणाची नुसती कातडी चुरचुरत होती, कुणाला मळमळ होती. तेही गेले आणि ज्याला खरोखरच खाट हवी होती, तोही त्याच रांगेत उभा राहिला. चूक माझीच होती. पण विचारायचे कुणाला, हे मला ठाऊक नव्हते.

पुढे एका फिजिशियनशी बोलून ठेवले, की अडलो तर फोन करीन. मागच्या हंगामात एका तरुणाला घरच्यांनी आणले. गाडी नागपूरला न्यायला तयारच होती. फोनवर त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या : डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या आहेत का, तोंडाला लाळ व अंगाला घाम सुटला आहे का, आणि डब्यावर औषधाचे नाव काय? तिन्ही उत्तरे ऑरगॅनोफॉस्फेट विषाकडे बोट दाखवत होती. कपडे काढून अंग साबणाने धुवा, ॲट्रोपिन इथेच सुरू करा, मगच पाठवा, असे त्यांनी सांगितले. उपचाराविना दीडशे किलोमीटर गेला असता तर काय झाले असते, याचा विचार न केलेला बरा. त्याच दिवशी दुसऱ्या एकाचे नुसते डोळे चुरचुरत होते. भरपूर पाण्याने धुऊन, सल्ल्याने थेंब देऊन त्याला घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी मजुरीला जाऊ नको म्हटले, तो गेलाच!

नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या सरकारी ई-संजीवनी सेवेतून आरोग्य केंद्रातील डॉक्टर तज्ज्ञाला विचारू शकतात. कॅनडातील ओटावा शहरात २०१० पासून फॅमिली डॉक्टर तज्ज्ञाला लेखी प्रश्न पाठवतात. तिथे कित्येक रुग्णांना तज्ज्ञाकडे जावेच लागत नाही. रक्तातील साखर, थायरॉईड, जुना खाजरा चट्टा, अशा तक्रारींत हे फार उपयोगी पडते.

आपल्याकडे मात्र डॉक्टरने समोर फोन लावला, की 'याला काही येत नाही' म्हणून माणसे उठून जातात. तसे करू नका. उलट स्वतःहून म्हणा, "डॉक्टरसाहेब, मोठ्या डॉक्टरांना विचारून घेता का?" जुने कागद आणि फवारणीच्या औषधाचा डबा सोबत आणा.

छातीत दाबल्यासारखे दुखणे, तोंड वाकडे होणे, एक हात-पाय लुळा पडणे, शुद्ध हरपणे, अशा वेळी मात्र माझ्या फोनचीही वाट पाहू नका. १०८ ला बोलवा आणि थेट निघा.