खारेपाटाचा बांध

कोल्हापूरचा शेतकरी पंचगंगेचे गोडे पाणी शेतात आणतो आणि ऊस पिकवितो. रायगड जिल्ह्यातील अलिबाग या समुद्रकाठच्या लहान शहराजवळ खारेपाट नावाचा प्रदेश आहे. तेथील शेतकऱ्याच्या शेजारीही पुष्कळ पाणी आहे; पण ते खारे! ते शेतात शिरू न देणे, हेच तेथील शेतीचे पहिले काम होय.

खारेपाटातील बरीच जमीन भरतीच्या पातळीहून खाली आहे. पूर्वजांनी खाडीच्या काठाने माती व दगड यांचे लांबच लांब बांध घातले आणि ही जमीन समुद्राकडून मिळविली. जपानमध्ये आरियाके उपसागराच्या काठीही लोकांनी असेच बांध घालून भातशेती केली आहे.

बांधात जागोजागी ‘उघाडी’ असते. तिचे दार खाडीच्या बाजूस उघडते. भरती आली, की पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटते. ओहोटी लागली, की शेतात साचलेले पावसाचे पाणी दार लोटून बाहेर पडते. पावसाळ्यात मातीतील क्षार असे धुऊन जातात आणि मग भात वाढीस लागते. घराजवळच्या तळ्यात शेतकरी जिताडा मासाही पोसतात.

हे सारे वैभव त्या बांधावर अवलंबून आहे. खेकडा बांधात बीळ करतो. बिळातून पाणी झिरपते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बीळ रुंदावते आणि बांधास खांड पडते. खांड कोणाच्याही शेतालगत पडो, खारे पाणी सर्वांच्या शेतांत पसरते. त्या वर्षीचे पीक बुडते. शिवाय मातीत मुरलेले मीठ पुढेही पीक नीट येऊ देत नाही. पडीक शेतांत कांदळवन वाढते.

म्हणून पूर्वी येथे ‘जोळ’ नावाची सहकाराची रीत होती. शेतकरी एकत्र येऊन बांध राखीत. पुढे १९४८ साली मुंबई सरकारने व १९७९ साली महाराष्ट्र शासनाने खार जमिनींसाठी कायदे केले. सरकारी योजनांतून बांध होऊ लागले. तरी मध्यरात्रीच्या उधाणात बांधाजवळ असतो तो गावकरीच. बीळ लहान असते, तोवर ते मूठभर चिखलाने बुजते. ज्याच्या दृष्टीस ते प्रथम पडेल, त्याने शेत कोणाचे हे न विचारता ते बुजवावे. त्यातच सर्वांचे रक्षण आहे.