रक्तातला ‘एनएसई’ वाढला म्हणजे मेंदू गेला का?

प्रश्न : वडिलांचे हृदय अचानक बंद पडले, सीपीआरने पुन्हा सुरू झाले. ते अजून बेशुद्ध आहेत. रक्तात ‘एनएसई’ वाढल्याचे डॉक्टर सांगतात. आम्ही आशा सोडायची का?

उत्तर : नाही, एवढ्यावरून तर नाहीच.

साखरेपासून ऊर्जा काढण्यासाठी शरीरातल्या पेशी एनोलेज हे विकर वापरतात. त्याचे अल्फा, बीटा, गॅमा असे तीन घटक असून प्रत्येकाचे जनुक वेगळे. बीटा मुख्यतः स्नायूंत, तर गॅमा चेतापेशींत आणि काही अंतःस्रावी पेशींत. हा गॅमा प्रकार म्हणजेच एनएसई. एरवी तो पेशीच्या आतच असतो. प्राणवायूअभावी चेतापेशी फुटल्या की रक्तात उतरतो.

अडचण अशी, की तो तांबड्या पेशींत आणि प्लेटलेट्समध्येही असतो. रक्त काढताना किंवा ठेवताना तांबड्या पेशी फुटल्या, तर मेंदूला काही न होताही आकडा चढतो. म्हणून नमुन्यात तशी फूट होती का, हे जरूर विचारा. काही गाठींतही तो वाढतो.

एका आकड्यापेक्षा त्याचा कल महत्त्वाचा. युरोपातील 2021च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 48 किंवा 72 तासांनी पातळी लिटरला 60 मायक्रोग्रॅमहून जास्त असणे हे वाईट लक्षण आहे. पण निष्कर्ष काढायचा तो बाहुल्यांची प्रतिक्रिया, ईईजी, एमआरआय यांच्याशी ताडूनच, आणि झोपेच्या औषधांचा अंमल उतरल्यावर. पहिल्या 72 तासांत घाई नको. ‘बाकीच्या तपासण्या काय सांगतात?’ हे डॉक्टरांना निःसंकोच विचारा.