केंद्रक नसलेली पेशी आणि सिकलसेलचा आजार

पाठ्यपुस्तकातील पेशीच्या आकृतीत मध्यभागी केंद्रक असते. त्याभोवती पेशीद्रव्य, त्यात तंतुकणिका, अंतर्द्रव्यजालिका, रायबोझोम आणि या सर्वांना वेढणारे प्रद्रव्यपटल असते. ही आकृती बहुतेक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. परंतु मानवी शरीरात संख्येने सर्वाधिक असलेली पेशीच या आकृतीत बसत नाही. परिपक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत आणि रायबोझोमही नाहीत. तरीही ती सुमारे 120 दिवस काम करते. सिकलसेल या आनुवंशिक आजारात बिघडते तीही हीच पेशी. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांचा या आजाराशी संबंध येतो. पेशीच्या कोणत्या घटकाचे काय कार्य, हे समजून घेण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

तांबडी रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होते. तिची पूर्वपेशी मात्र आकृतीतल्यासारखी पूर्ण असते. केंद्रकातील डीएनएमधील संदेश आरएनएद्वारे पेशीद्रव्यात येतो आणि रायबोझोम त्यानुसार अमिनो आम्लांची साखळी जोडून हिमोग्लोबिन हे प्रथिन बनवतात. हिमोग्लोबिनची जनुके शरीरातील सर्व केंद्रकयुक्त पेशींत असतात. त्वचेच्या पेशीतही असतात. ती कार्यरत होतात केवळ या पूर्वपेशींत. पेशींचे विभेदन म्हणजे नेमके हेच. पुरेसे हिमोग्लोबिन साठले की पूर्वपेशी आपले केंद्रक बाहेर टाकते आणि पुढे उरलेली अंगकेही गमावते. मागे राहते ती दोन्ही बाजूंनी खोलगट, सात ते आठ मायक्रोमीटर व्यासाची, हिमोग्लोबिनच्या सुमारे 27 कोटी रेणूंनी भरलेली लवचीक चकती. तंतुकणिका नसल्यामुळे ती ग्लुकोजपासून ऑक्सिजनविना ऊर्जा मिळवते. म्हणजे जो ऑक्सिजन वाहून न्यायचा, त्यातला कणही ती स्वतः वापरत नाही. या सोयीची किंमतही आहे. केंद्रक व रायबोझोम नसल्याने तिला नवीन प्रथिने बनवता येत नाहीत, आपली दुरुस्ती करता येत नाही आणि विभाजनही होत नाही. म्हणूनच अस्थिमज्जेला दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या पेशी पुरवाव्या लागतात.

एका अक्षराचा फरक

हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा व दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळीत 146 अमिनो आम्ले असून तिचे जनुक 11 व्या गुणसूत्रावर असते. या जनुकात एका ठिकाणी एकच अक्षर बदलले, तर साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. तयार होणाऱ्या हिमोग्लोबिनला ‘एस’ असे नाव आहे. ऑक्सिजन सोडल्यानंतर त्याचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे ताठ तंतू बनतात आणि गोल चकती विळ्यासारखी वाकडी होते. सुरुवातीला ऑक्सिजन मिळताच ती पूर्ववत होते. वारंवार असे घडल्यावर प्रद्रव्यपटलाची कायमची हानी होते.

निरोगी रक्तपेशी स्वतःच्या व्यासाहून अरुंद केशवाहिनीतूनही मुडपून निघून जाते. विळ्याच्या आकाराची पेशी तशी मुडपत नाही, अडकते. पुढच्या भागाचा रक्तपुरवठा थांबून हाडे, छाती, पोट यांत तीव्र वेदना होतात. शिवाय अशी पेशी दहा ते वीस दिवसांतच नष्ट होत असल्याने रक्तक्षय कायम राहतो. तहान, थंडी, ताप, अतिश्रम यांनी त्रास बळावतो. रोजंदारीवर शेतात राबणाऱ्या माणसाला यातले काय टाळता येते, हा प्रश्न वैद्यकशास्त्रापुरता राहत नाही.

शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये या पेशींचे प्रथम वर्णन केले. लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले. नेमके अमिनो आम्ल व्हर्नन इन्ग्रॅम यांनी 1950 च्या दशकात शोधून काढले. भारतात 1952 मध्ये निलगिरीतील आदिवासी समूहांमध्ये हा दोष आढळला. पुढे मध्य व पश्चिम भारतात तो विस्तृत प्रमाणात दिसून आला. महाराष्ट्रातील भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान अशा अनेक समूहांत वाहक आहेत आणि काही समूहांत त्यांचे प्रमाण शंभरात वीसच्याही पुढे जाते.

असे घातक जनुक टिकून कसे राहिले? याचे उत्तर मलेरियात आहे. 1883 मध्ये रोनाल्ड रॉस हे तरुण लष्करी डॉक्टर बंगळूरच्या छावणीत होते. आजचे शिवाजीनगर त्याच छावणीच्या वस्तीतून वाढले आहे. साठलेले पाणी दूर केले की डास कमी होतात, हे त्यांनी तेथे पाहिले. 1897 मध्ये सिकंदराबाद येथे त्यांना डासाच्या शरीरात मलेरियाचा परजीवी सापडला. हा परजीवी माणसाच्या शरीरात तांबड्या रक्तपेशीत शिरून तेथील हिमोग्लोबिनवर वाढतो. ज्यांच्यात ‘एस’ जनुकाची एकच प्रत आहे, त्यांना फॅल्सिपेरम मलेरियाचे गंभीर स्वरूप कमी प्रमाणात होते, हे अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून मांडले. परजीवी शिरलेली अशी पेशी लवकर वाकडी होऊन प्लीहेत नष्ट होते, हे त्यामागील एक कारण मानले जाते. मलेरियाच्या प्रदेशात म्हणूनच हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले.

वाहक आणि रुग्ण

परीक्षेत आणि गावातही सर्वाधिक गोंधळ येथे होतो. जनुकाची एक प्रत सदोष असलेली व्यक्ती (एएस) ही वाहक होय. ती सामान्यतः निरोगी असते. दोन्ही प्रती सदोष असतील (एसएस) तर ती व्यक्ती रुग्ण होय. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के व पूर्ण निर्दोष असण्याची 25 टक्के असते. ‘चार मुलांपैकी एक’ असा याचा अर्थ लावणे चूक आहे. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही. वाहकाचा विवाह निर्दोष व्यक्तीशी झाल्यास मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही. त्यामुळे केवळ वाहक असल्याच्या कारणावरून एखाद्या मुलीचे लग्न मोडणे याला विज्ञानात कोणताही आधार नाही.

उपचारांचा विचार करतानाही केंद्रकाचा मुद्दा विसरू नये. बाहेरून दिलेल्या रक्ताचा उपयोग त्या पेशींच्या आयुष्यापुरताच, कारण दोष रक्तपेशीत दिसला तरी त्याचे मूळ अस्थिमज्जेतील पूर्वपेशींच्या केंद्रकात असते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध या पूर्वपेशींवरच परिणाम करून गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणात पूर्वपेशीच बदलल्या जातात. 2023 च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेल्या जनुक-संपादन उपचारात रुग्णाच्याच मूळपेशींच्या डीएनएमध्ये बदल करून त्या परत शरीरात सोडतात. हा उपचार अत्यंत महाग असल्याने सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर आहे.

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. 2047 पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट असून 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी त्यात योजिली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांमध्येही सिकलसेल आजाराचा समावेश आहे.

तपासणीची पहिली पायरी म्हणजे विद्राव्यता चाचणी. रक्ताचा थेंब विशिष्ट द्रावणात मिसळल्यावर ते गढूळ झाले तर हिमोग्लोबिन ‘एस’ आहे, एवढेच कळते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ठरविण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी करावीच लागते. नवजात बालकांत तर पहिली चाचणी भरवशाची नसते. जन्मतः त्यांच्या रक्तात मुख्यतः गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन असते, त्यात बीटा साखळीच नसते. साधारण सहा महिन्यांत बीटा साखळीचे हिमोग्लोबिन त्याची जागा घेते आणि आजाराची लक्षणेही त्याच सुमारास दिसू लागतात.