आज्ञावलीची झाडलोट : काही विचार

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या आज्ञावलीवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या प्रश्नाविषयी मी लिहिणार आहे तो गणितापेक्षा शुद्धलेखनाला अधिक जवळचा आहे, आणि शुद्धलेखन हा तर आमचाच प्रांत.

'लिनक्स' हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली ते लिहावयास घेतले. आज आपल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तेच आहे. त्याची आज्ञावली, म्हणजे ज्याला सारे 'कोड' म्हणतात ती, कोणालाही वाचता येते आणि तीत बदल सुचवता येतो. असा सुचवलेला बदल म्हणजे 'पॅच', आपल्या भाषेत ठिगळ. त्या त्या विभागाचा सांभाळ करणारा जाणकार ते वाचतो आणि पटले तर जोडतो.

हजारो हात एकाच वहीत लिहू लागले की अक्षर सारखे राहत नाही. म्हणून लिनक्सने लेखनाचे नियम घालून दिले आहेत. आतली ओळ आठ अक्षरांची जागा सोडून लिहावी, महिरपी कंस अमुक ठिकाणी उघडावा, नावे सुटसुटीत ठेवावीत, इत्यादी. यंत्राला या गोष्टींचे सोयरसुतक नसते. वेडावाकडा लिहिलेला मजकूरही ते निमूटपणे वाचते. नियम आहेत ते माणसांसाठी. नियमभंग शोधून देणारी 'चेकपॅच' नावाची एक आज्ञावलीही लिनक्ससोबत येते.

येथेच नवख्याला मोह पडतो. चेकपॅच चालवावे, पाच-पन्नास नियमभंग हाती लागतात, ते दुरुस्त करून पाठवावे, की झाले आपले योगदान! पण लिनक्सच्या मार्गदर्शिकेत याविषयी स्पष्ट सांगितले आहे. केवळ नीटनेटकेपणासाठी चालत्या मजकुराला हात लावू नये. दुसऱ्या कामासाठी तो भाग उघडलाच असेल तर जाता जाता सुधारावा. हा नियम प्रथमदर्शनी कडक वाटतो. परंतु कारणे पाहिली म्हणजे पटतो. एक तर, प्रत्येक ठिगळ कोणाला तरी वाचावे लागते. दुसरे, त्याच ओळींवर दुसऱ्या कोणाचे काम अर्धवट चालू असेल तर ओळी हलल्यावर त्याचे ठिगळ बसत नाही. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते इतिहासाचे.

टोरवाल्ड्सनेच २००५ साली 'गिट' हे साधन निर्माण केले. कोणती ओळ शेवटी कोणी, कधी व कोणत्या बदलात लिहिली, हे गिट सांगते. दहा वर्षांपूर्वीची एखादी विचित्र ओळ तशी का आहे, हे त्यामुळे उलगडते. पण मधल्या काळात कोणी त्या पानातल्या मोकळ्या जागा सारख्या केल्या, की प्रत्येक ओळीपुढे झाडलोट करणाऱ्याचे नाव येते आणि मूळ लेखक मागे दडतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतही केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळानुसार छापावे असे म्हटले आहे, याची येथे आठवण होते. गिटमध्ये २०१९ साली ठरावीक बदल वगळून इतिहास पाहण्याची सोय आली. 'जँगो' या प्रकल्पाने २०२२ साली आपला पायथन भाषेतील मजकूर 'ब्लॅक' नावाच्या साधनाकडून एका दमात सारखा करून घेतला व तो बदल वगळण्याच्या यादीत नोंदवला. करायचेच तर असे करावे. थोडे आज, थोडे उद्या, आणि त्यातच एखादी खरी दुरुस्ती मिसळलेली, हे सर्वांत वाईट.

मिसळले तर काय होते? 'डेबियन' प्रकल्पातील एक घटना सर्वांना ठाऊक असावी अशी आहे. 'ओपनएसएसएल' ही आज्ञावली गुप्त किल्ल्या तयार करते, आणि किल्ली कोणाला ओळखता येऊ नये म्हणून तिच्यात यदृच्छेची भर घालावी लागते. तपासणीच्या एका साधनाने तिच्यातल्या काही ओळींवर तक्रार नोंदवली. २००६ साली डेबियनमध्ये ती तक्रार बंद करण्यासाठी सारख्याच दिसणाऱ्या दोन ओळी काढल्या गेल्या. विचारणा झाली होती, ठाम हरकत आली नाही. पण त्यांतल्या एका ओळीतूनच ती भर आत येत होती! त्यानंतर फरक पाडणारी जवळजवळ एकच गोष्ट उरली, चालू कामाचा क्रमांक. आणि तो फार तर ३२,७६८ पर्यंत जाई. म्हणजे एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या जेमतेम तेवढ्याच. किल्ल्या बनत होत्या, कुलपे उघडत होती, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. मे २००८ मध्ये ही गोष्ट जाहीर झाली, आणि डेबियन व त्यावर आधारलेल्या उबुंटूच्या वापरकर्त्यांना त्या किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या. ही निव्वळ लेखनपद्धतीची सुधारणा नव्हती, हे खरे. परंतु यंत्राची कुरकूर थांबवायची, एवढ्याच हेतूने हात घातला की अर्थाला धक्का लागतो तो असा.

मग नवख्याने करावे तरी काय? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे हा प्रश्न मला परका नाही. नव्या माणसाच्या हाती आधी झाडूच येतो. लिनक्सने यासाठी २००८ पासून 'स्टेजिंग' नावाचे वेगळे दालन ठेवले आहे. दर्जाला न उतरलेला मजकूर तेथे असतो, आणि तेथील झाडलोटीचे स्वागत होते. छोटे ठिगळ कसे पाठवावे, टीका कशी ऐकावी, पुन्हा कसे पाठवावे, हे तेथे शिकता येते. ही सोय मला न्याय्य वाटते. मात्र माणसाला कायम त्याच दालनात ठेवले तर ती न्याय्य राहणार नाही.

आणि काही झाडलोट तर आमच्यासारख्यांचीच वाट पाहत असते. २०१० साली सुरू झालेल्या 'लिब्रेऑफिस'चे मूळ जर्मनीतील 'स्टारऑफिस'मध्ये आहे. साहजिकच, त्याच्या आज्ञावलीतील असंख्य टिपा जर्मन भाषेत होत्या आणि इतर देशांच्या स्वयंसेवकांना त्या कळत नसत. त्या इंग्रजीत आणण्याचे काम कित्येक वर्षे चालले. त्यासाठी आज्ञावलीची एकही ओळ बदलावी लागत नव्हती. दोन भाषा मात्र नीट याव्या लागत होत्या.