अंगणात निघणारी दुर्बीण

पोरी, दुर्बीण घ्यायचं ठरवलंस, फार चांगलं केलंस. तू पाठवलेली यादी मी नीट वाचली. एका टोकाला सत्तर मिलिमीटरची साधी दुर्बीण, ट्रायपॉडसकट दहा-पंधरा हजारांत मिळणारी. दुसऱ्या टोकाला ताकाहाशी आणि टेली व्ह्यू, नुसत्या नळीलाच काही लाख मोजायला लावणाऱ्या. मधे कुठंतरी स्काय-वॉचरच्या ईडी. "काका, यातली कुठली?" असं विचारलंयस. आधी मला सांग, आयपीसला डोळा लावायचाय की कॅमेरा? डोळा लावायचा असेल, आणि हिर्डोशीत आपल्या खळ्यावरूनच बघायचं असेल, तर महागड्या काचेत पैसे घालू नकोस. ज्यांनी मला आकाश दाखवलं त्या गुरुजींनी मला हेच सांगितलं होतं आणि इतक्या वर्षांत मला ते बदलावंसं वाटलेलं नाही.

पैसे कशाचे घेतात ते समजून घे. एकट्या भिंगातून तांबडा आणि निळा प्रकाश एकाच जागी जमत नाही, म्हणून जुन्या काळी लोक नळ्या लांबच लांब करत गेले. १७५८ साली लंडनच्या जॉन डॉलंडनं दोन वेगळ्या जातींच्या काचा जोडून केलेल्या भिंगाचं पेटंट घेतलं. त्याला आपण ॲक्रोमॅट म्हणतो. यात बहुतेक रंग एकत्र येतात, जांभळा तेवढा थोडा बाहेर राहतो. चंद्राच्या कडेला, शुक्राभोवती, व्याधाभोवती जी जांभळी झालर दिसते ती तीच. ईडी काच किंवा फ्लोराइट वापरून तो जांभळाही ओढून आणला की झाली ॲपोक्रोमॅट, आणि तिथून किंमत चढायला लागते.

पण ही झालर किती त्रास देणार हे नुसत्या काचेवर ठरत नाही, नळीच्या लांबीवरही ठरतं. त्याचा एक हिशेब पाठ करून ठेव. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घे, त्याचा वर्ग कर, आठनं भाग. जो आकडा येईल तेवढी किंवा त्याहून जास्त फोकल लेंथ असली तर साध्या ॲक्रोमॅटचा जांभळा डोळ्याला खुपत नाही. सत्तरचा वर्ग चार हजार नऊशे, भागिले आठ म्हणजे सहाशेच्या थोडं वर. म्हणजे सत्तर व्यासाची, सातशे किंवा नऊशे फोकल लेंथची दुर्बीण बिनघोर घ्यावी. नव्वद व्यास आणि नऊशे लांबी, ही किंचित कमी पडते, पण चालते. तुझ्या यादीतली एकशे दोन व्यासाची, पाचशे लांबीची मात्र या हिशेबात कुठंच बसत नाही. तिला तेराशे लागले असते. कृत्तिका आणि आकाशगंगेचा पट्टा बघायला ती छान आहे, गुरूकडे वळवलीस तर निराश होशील. अशी दुर्बीण कुणी भेट दिलीच, तर पुढच्या मोठ्या झाकणात एक छोटं झाकण असतं ते बघ. मोठं झाकण तसंच ठेवून तेवढं छोटं काढलं की व्यास कमी होतो, जांभळा बराच पळतो आणि चंद्र स्वच्छ दिसतो. अनेकांना ते छोटं झाकण कशासाठी आहे हेच माहीत नसतं.

आता महागड्या दुर्बिणीचं तिच्या पदरात टाकायला हवं. शंभर मिलिमीटरची उत्तम ॲपो गुरूवर दोनशेपट वर्धनाला नेली तरी पट्ट्यांमधले बारीक तपशील स्वच्छ राहतात, काळा भाग काळा दिसतो, फोकसची चक्री लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरते. नळी आखूड असल्यामुळे प्रवासाला सोयीची. फोटो काढणाऱ्याला तर तिच्याशिवाय भागत नाही, कारण डोळ्याला फिकट वाटणारा जांभळा कॅमेऱ्याला ठळक दिसतो. हे सगळं खरं. पण दोन जवळजवळचे तारे वेगळे करण्याची ताकद भिंगाच्या व्यासावर ठरते. शंभर मिलिमीटरला ही मर्यादा साधारण १.१६ विकला, मग ती काच हजारांची असो वा लाखांची, फक्त घडण नीट हवी. अंधूक तेजोमेघाचा प्रकाशही व्यासच गोळा करतो. म्हणून पैसे वाढवायचेच असतील, तर सत्तरवरून नव्वदवर जाण्यासाठी वाढव. त्यात दीडपटीहून जास्त प्रकाश मिळतो, आणि तो तुझ्या डोळ्याला पहिल्याच रात्री कळेल.

खोक्यावर '५२५ पट' असं छापलेलं दिसलं की ते खोकं खाली ठेव. व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट, यापलीकडे वर्धन नेण्यात अर्थ नसतो. सत्तरला एकशे चाळीस, तेही हवा स्थिर असली तर. स्वस्त दुर्बिणीबरोबर 'एसआर ४' नावाचा एक बारीक भोकाचा आयपीस आणि एक बार्लो भिंग येतं. एसआर ४ कपाटात राहू दे. त्याच्या जागी पंचवीस आणि दहा मिलिमीटरचे प्लॉसल जातीचे आयपीस घे. फोकल लेंथला आयपीसच्या आकड्यानं भागलं की वर्धन निघतं. नऊशेला पंचवीसनं भागलं की छत्तीस, दहानं भागलं की नव्वद. या दोनांवर तुझी वर्षं सुखात जातील.

आणि ट्रायपॉड. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण स्वस्त दुर्बिणीचा खरा दोष काचेत क्वचित असतो, पायांत असतो. नव्वदपटीला गुरू धरलास, फोकस करायला चक्रीला हात लावलास, की गुरू थरथरायला लागतो. तो थांबेपर्यंत पृथ्वी फिरते आणि गुरू बाहेर. मग माणूस म्हणतो, दुर्बीण वाईट. दुर्बीण आली की नळीला बोटानं टिचकी मारून बघ. हेलकावा एक-दोन सेकंदांत विरला तर पाय पक्के. पाच सेकंद चालला तर उपाय करावे लागतील. पायांचे खालचे टप्पे ओढू नकोस, बुटकाच ठेव आणि स्टुलावर बसून बघ. बसून बघणाऱ्याला उभ्यानं बघणाऱ्यापेक्षा जास्त दिसतं, हा माझा अनुभव आहे. तिन्ही पायांच्या मधोमध पाण्याचा पाच लिटरचा कॅन टांगून दे. तरीही जमलं नाही तर आपल्या सुताराकडून सागाचे तीन पाय करून घेऊ. लाकूड कंप पितं, पातळ ॲल्युमिनियम पीत नाही. लाखाच्या नळीवाल्यांनाही तितकेच भक्कम पाय लागतात, आणि त्यांचा त्यावरचा खर्च तुझ्या अख्ख्या दुर्बिणीपेक्षा जास्त होतो.

जागा खळ्याचीच धर. सारवलेली जमीन लवकर निवते. स्लॅब आणि सिमेंटचा कोबा रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. पत्र्याच्या छपरावरून जाणारा तारा बघू नकोस, छपराची ऊब त्याला उकळत्या पाण्यासारखं हलवते. तासभर आधी दुर्बीण बाहेर काढून ठेव म्हणजे काच हवेइतकी गार होते. गेटवरचा दिवा बंद, टॉर्चला लाल जिलेटीन कागद, आणि फोन खिशात. अर्ध्या तासानं डोळा अंधाराला सरावतो, फोनच्या एका नजरेत ते सगळं जातं.

हिर्डोशीसाठी भिंगाची दुर्बीण, म्हणजे रिफ्रॅक्टरच का, तेही सांगतो. याच पैशांत आरशाची, डॉब्सोनियन दुर्बीण मोठ्या व्यासाची मिळते आणि अंधूक दीर्घिकांसाठी तीच सरस, हे मी नाकारत नाही. पण आपल्याकडे वरंधा घाटाच्या अंगानं येणारा पाऊस तुला ठाऊक आहे. जूनपासून चार महिने भिंतींना ओल, कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर पांढरं. उघड्या नळीतल्या आरशाचा लेप असल्या हवेत लवकर खराब होतो. रिफ्रॅक्टरची नळी बंद असते, भिंग जागेवर पक्कं असतं, जुळवणी करत बसावं लागत नाही. तरी तिलाही जपावं लागतं, मग ती साधी असो वा ताकाहाशी. भिंगावरची बुरशी बारीक पांढऱ्या तंतूंनी कडेकडून आत सरकते, लेप खाते, आणि एकदा लेप खाल्ला की तो परत येत नाही.

म्हणून मृग लागायच्या आधी दुर्बीण घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात घाल, धान्याच्या मोठ्या डब्यात मावली तरी चालेल. बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओले झाले असं समज, ते वेगळ्या जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळे कर. तो तवा परत स्वयंपाकात घेऊ नकोस. फोमच्या खाचा असलेली शोभिवंत पेटी पावसाळ्यात वापरायची नाही, फोम ओल धरतो. उघडीप मिळाली की डबा उघडून नळी सावलीत, वाऱ्यावर ठेव.

हिवाळ्यात दंव. नीरा-देवघर धरणाच्या फुगवट्यावरून पहाटे धुकं चढतं आणि भिंगावर पाणी बसतं. ते पुसायचं नाही, पदरानं तर नाहीच. काळ्या फोमची गुंडाळी करून नळीच्या तोंडावर पुढं वाढव, व्यासाच्या दीडपट तरी. दंव बरंच लांबतं. घरात आणताना बाहेरच झाकण लाव आणि नळी खोलीइतकी ऊबदार झाली की झाकण काढून वाळू दे. भिंगाची कडी मात्र कधीही फिरवून उघडू नकोस. आतल्या दोन काचांची एकमेकींशी जुळणी एकदा बिघडली की घरी ती बसवता येत नाही.

घेण्याआधी चार जणांच्या दुर्बिणींतून बघ. तू पुण्यात आहेस, तुझ्या हाताशी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासून चालत आलेली, हौशी आकाश-निरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था. त्यांच्या आकाशदर्शनाला जा. साधी आणि भारी दुर्बीण एकाच रात्री, एकाच गुरूवर लावून बघायला मिळाली तर माझ्या शब्दावर विसंबायची गरज उरणार नाही. आणि आपल्या पुण्याचीच एक गोष्ट तिथल्या जुन्या लोकांना विचार. १८८८ साली सायन्स कॉलेजात, म्हणजे आताच्या सीओईपीत, भावनगरच्या महाराजांच्या मदतीनं महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. ग्रब कंपनीची वीस इंची दुर्बीण, त्या काळी देशातली सर्वांत मोठी. कावसजी दादाभाई नायगमवाला ती चालवायचे. १८९८च्या जानेवारीत खग्रास सूर्यग्रहण बघायला ते आपली उपकरणं घेऊन जेऊरला गेले होते. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. एवढं मोठं यंत्र, पण ते एका माणसाच्या लगनीवर उभं होतं. तुझी दुर्बीणही तुझ्या लगनीवरच चालेल. म्हणून मी तिच्या वजनाकडे आणि तुझ्या हाताकडे बघतो. एका हातात नळी, दुसऱ्या हातात पाय, आणि उंबरा ओलांडून दोन मिनिटांत खळ्यावर, अशीच घे. लाखाची वस्तू दंवात काढायला जीव धजत नाही, आणि मग ती महिनोन्‌महिने आतच राहते.

आली की पहिल्या स्वच्छ रात्री ताऱ्याची परीक्षा घे. एक ठळक तारा डोक्यावर धर, नव्वदपटीनं फोकस कर, मग फोकस थोडा आत आणि थोडा बाहेर ने. कडी दिसतील. ती गोल, एकमध्यी असली तर भिंग बरोबर. अंड्यासारखी किंवा एका बाजूला सरकलेली दिसली तर मुदतीत परत पाठव, संकोच करू नकोस. नेम धरायचा फाइंडर मात्र दिवसाच जुळव, धरणापलीकडचा एखादा विजेचा खांब धरून. दिवसा जुळवताना सूर्याच्या बाजूला नळी वळवायची नाही. आयपीसला लावायचा काळा सूर्य-फिल्टर खोक्यात निघाला तर फोडून टाक. तो तापून तडकतो आणि डोळा जातो. सूर्य बघायचा तर नळीच्या तोंडावर बसणारा खास फिल्टर, नाही तर नाहीच. पोरं बघायला आली असतील तेव्हा हे दुप्पट सांभाळ.

मग बघायचं काय? चंद्र पौर्णिमेला दाखवू नकोस, सपाट दिसतो. शुद्ध अष्टमीला ॲपेनाईन पर्वताच्या सावल्या, दशमीला कोपर्निकस विवर. शेतकरी मृग म्हणतो तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो, तारे दिसत नाहीत. ते मृगाचे तारे पौष-माघात डोक्यावर येतात, तेव्हा त्यातला तेजोमेघ आणि मधले चार जवळजवळचे तारे सत्तर मिलिमीटरलाही दिसतात, हे आजीला मुद्दाम दाखव. पुष्याचा तारकागुच्छ पंचवीसच्या आयपीसनं. सप्तर्षीतला वसिष्ठ दुर्बिणीत दोन होतो, आणि अरुंधती त्याहून दूर तिसरी. पुनर्वसूतला कॅस्टर नव्वदपटीला फुटतो. फुटला की ओळख, तुझी दुर्बीण चांगली आहे. चैत्र-वैशाखात नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दक्षिणेला साधारण चोवीस अंश वर येतो. रायरेश्वराच्या अंगाची रांग आड आली तर रस्त्यानं थोडं वर जाऊ. लंडनमध्ये कितीही भारी ॲपो असू दे, तिथं तो उगवतच नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं : सत्तर किंवा नव्वद व्यास, नऊशे फोकल लेंथ, दोन प्लॉसल, एक लाल ठिपक्याचा फाइंडर, सिलिका जेल. उरलेले पैसे बँकेत. दोन हिवाळे सलग बघून झालं, डोळा तयार झाला आणि तरीही गुरूच्या पट्ट्यांसाठी जीव तुटत राहिला, तर ऐंशी किंवा शंभरची ईडी चांगल्या स्थितीत वापरलेली शोधू, मी स्वतः येईन बघायला. ऑर्डर टाकायच्या आधी दुकानदाराला आयपीसचा व्यास सव्वा इंची आहे ना, तेवढं विचार. जुन्या बारीक मापाचा निघाला तर हे प्लॉसल त्या दुर्बिणीत बसणार नाहीत.