कचारगडच्या सीडीला लावलेलं कुलूप

सालेकसात माझं फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. लग्नं, बारशी, शाळांची स्नेहसंमेलनं, आणि वर्षातून एकदा माघ पौर्णिमेची कचारगड जत्रा. दरेकसा स्टेशनवर उतरून धनेगावच्या वाटेनं माणसांची रांग लागते. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून गोंड समाज येतो. रात्रभर ढोल वाजतात, बाया फेर धरून गातात. त्या गाण्यांचं रेकॉर्डिंग करून मी सीडी काढायचो. किंमत चाळीस रुपये.

२०१० साली जत्रा होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच माझीच सीडी आमगावच्या बाजारात वीस रुपयांना दिसली. कव्हरही माझंच, झेरॉक्स काढलेलं. चार महिने मेहनत केली होती. फार लागलं मनाला. ज्यानं कुणी ते केलं त्याला अद्दल घडली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं, आणि अशा मनःस्थितीत घेतलेली वस्तू माणूस नीट तपासून घेत नाही.

पुढच्या जत्रेआधी एका शहरातल्या विक्रेत्याकडून मी कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर घेतलं. चौदा हजार रुपये, कच्चं बिल. साध्या डीव्हीडी प्लेअरवर सीडी नेहमीसारखी वाजायची. कॉम्प्युटरमध्ये घातली की आधी ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा प्लेअर आपोआप बसायचा, आणि मगच गाणी ऐकू यायची. कॉपी मात्र होत नसे. पाचशे सीडी तयार केल्या. तीनशेच्या वर जत्रेतच खपल्या.

आठवड्याभरात एका गावचे फॉर्म भरून देणारे दुकानदार आले. "भाऊ, तुमची शीडी टाकली अन् तवापासून डराइव्हच दिसत नाही जी." त्यांनी तो प्लेअर नको म्हणून फाइली हातानं काढून टाकल्या होत्या. त्याबरोबर कॉम्प्युटर सीडी ड्राइव्ह ओळखेनासा झाला. मी मशीन फॉरमॅट करून दिलं. मग दुसरे आले, तिसरे आले. मोजून अकरा जण. त्यात एक गुरुजी होते. त्यांच्या मशीनमध्ये मुलांचे तीन वर्षांचे निकाल होते आणि दुसरीकडे प्रत ठेवलेली नव्हती. फॉरमॅटमध्ये गेलेले ते निकाल काही परत आणता आले नाहीत. गुरुजी एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच मला आजही जड जातं.

त्या फॉर्मवाल्या दुकानदारांचा भाचा नागपूरला इंजिनीअरिंग शिकत होता. तो सुट्टीत आला तेव्हा सीडी घेऊन दुकानात बसला. कंपनीच्या प्लेअरमधली एक फाइल त्यानं नोटपॅडमध्ये उघडली. पडदाभर चिन्हांचा कचरा, आणि त्याच्या मधोमध स्वच्छ अक्षरांत 'लेम ३.९८' असं लिहिलेलं. फाइलचं नाव कंपनीनं बदललं होतं, पोटातली खूण तशीच राहिली होती.

लेम ही एमपीथ्री तयार करणारी लायब्ररी. १९९८ पासून जगभरच्या माणसांनी मिळून उभी केलेली, कुणीही वापरावी अशी. तिचा परवाना एलजीपीएल. पैसे घेऊन विकायच्या सॉफ्टवेअरमध्येही ती घालता येते, पण अटी पाळून: ती वापरली आहे हे सांगायचं, परवान्याचा मजकूर सोबत द्यायचा, तिचा सोर्स कोड मिळेल अशी सोय ठेवायची, आणि घेणाऱ्याला ती लायब्ररी बदलून सुधारून वापरण्याची मुभा द्यायची. माझ्या सीडीवर यातलं काही नव्हतं. उलट प्लेअर उघडून पाहायला कंपनीनं मनाई केलेली होती.

आपल्याकडच्या माणसाला हे सांगायचं तर मामा तलावाचं उदाहरण पुरेल. माजी मालगुजारी तलावाचं पाणी पाळीपाळीनं सगळ्यांच्या धानाला मिळतं. कुणी विकत घेत नाही, म्हणून कुणी पाळ फोडून नहर आपल्याच बांधीकडे वळवली तर गाव चालवून घेत नाही. खुल्या सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. फुकट मिळतं, पण त्याला धनी असतात आणि वापरायची रीत असते.

त्या मुलानंच मला सोनी बीएमजीची हकीकत सांगितली. ती प्रत्येक स्टुडिओवाल्याला ठाऊक असायला हवी. २००५ साली या बड्या कंपनीनं गाण्यांच्या ५२ अल्बमच्या सीडींवर एक्ससीपी नावाचं कुलूप लावलं. ते ब्रिटनच्या फर्स्ट फोर इंटरनेट कंपनीनं बनवलेलं. ३१ ऑक्टोबर २००५ ला मार्क रुसिनोविच या तज्ज्ञानं उघड केलं की हे कुलूप ग्राहकाच्या कॉम्प्युटरमध्ये लपून बसतं. '$सिस$' या अक्षरांनी सुरू होणारी कुठलीही फाइल ते दिसेनाशी करायचं, आणि त्याच आडोशानं व्हायरसही लपू लागले. हातानं काढायला गेलं की सीडी ड्राइव्ह बंद. ऐकता ऐकता मला आमची अकरा मशीनं दिसत होती.

त्यापुढचा भाग माझ्या जिव्हारी लागला. संशोधकांनी ते सॉफ्टवेअर उसवलं तेव्हा त्यात लेमच्या खुणा सापडल्या. शिवाय व्हीएलसी प्लेअरमधला, योन लेक योहानसेन आणि साम होसव्हार यांनी लिहिलेला जीपीएल परवान्याचा कोड सापडल्याचा आरोप झाला. कॉपीराइट राखायला बनवलेल्या कुलपातच दुसऱ्यांच्या कॉपीराइटचा भंग. सोनीनं नोव्हेंबरच्या मध्यात सीडी परत मागवल्या. तोवर एकवीस लाखांच्या आसपास विकल्या गेल्या होत्या. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर २००७ मध्ये तडजोड झाली, आणि बिघडलेल्या कॉम्प्युटरच्या दुरुस्तीसाठी दीडशे डॉलरपर्यंत भरपाई कबूल करावी लागली.

मी विक्रेत्याला फोन केला. "सगळेच वापरतात, तुम्ही कशाला खोलात जाता?" हे उत्तर. सोर्स कोड आणि परवान्याची प्रत मागितली तेव्हापासून फोन उचलणं बंद. गोंदियाच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सीडी विकली कोणी?" मी. मग वाटप करणारा मीही आहेच. सॉफ्टवेअर दुसऱ्यानं बनवलं म्हणून माझी जबाबदारी संपत नाही, आणि कच्च्या बिलावर त्याच्या मागे लागणंही कठीण. आमगावच्या त्या माणसाला मी वर्षभर चोर म्हणत होतो. त्या दिवशी वकिलांच्या ओट्यावर बसून मला कळलं की कुणा परक्या देशातल्या प्रोग्रामरनं माझी सीडी पाहिली असती तर त्यालाही मला तेच म्हणता आलं असतं.

म्हणून धंद्यातल्या भावांना कळकळीनं सांगतो. कुलूप, प्लेअर, अल्बम बनवायचं सॉफ्टवेअर, काहीही घ्या, विक्रेत्याला एक गोष्ट लेखी विचारा: यात दुसऱ्यांचा कोणता कोड आहे आणि त्याचा परवाना कोणता? प्रामाणिक कंपनी ही यादी लपवत नाही. बहुतेकदा ती 'अबाउट' किंवा 'लायसन्स' मध्ये असतेच. यादीत जीपीएल, एलजीपीएल ही नावं दिसली म्हणून घाबरू नका. यादीच नसेल तर घाबरा. पक्कं बिल घ्या, आणि कुणाच्या हक्काचा भंग निघाला तर जबाबदारी विक्रेत्याची, हे वाक्य त्यावर लिहून घ्या. ग्राहकाच्या मशीनमध्ये काही बसणार असेल तर कव्हरवर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत छापा, आणि ते काढायचं कसं तेही. आधी एका जुन्या मशीनवर बसवून, काढून पाहा. मी ही एवढी एक गोष्ट केली असती तर गुरुजींचे निकाल वाचले असते.

कायद्याचं थोडं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची सुरक्षेसाठी बॅकअप प्रत ठेवायला कलम ५२ नं परवानगी आहे. विक्रेता नाही म्हणाला तरी दबू नका. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर वापरलं तर कलम ६३ब खाली सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूनं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं. म्हणजे कुलूप लावणं गैर नाही. ते कशाचं बनलंय, हे मात्र लावणाऱ्यानं पाहायला हवं.

उरलेल्या सीडी मी फोडल्या. विकलेल्यांपैकी ज्यांचे पत्ते लागले त्यांच्याकडून परत घेतल्या आणि साधी ऑडिओ सीडी बदलून दिली. तिच्यात कुठलाही प्रोग्राम नाही, त्यामुळे कुणाचा परवानाही मोडत नाही. एकशे चाळीस परत आल्या, बाकीच्या कुठे गेल्या ठाऊक नाही.

परवान्यांचे हे कागद वाचताना आणखी एक गोष्ट माझ्यासमोर आली. ज्या बायांची गाणी होती त्यांच्याबरोबर माझा कसलाच कागद नव्हता. जत्रेत दोन हजार रुपये गटाच्या हातावर ठेवले होते, बस. कव्हरवर माझ्या स्टुडिओचं नाव, त्यांचं एकीचंही नाही. गाणाऱ्यांनाही कायद्यानं हक्क आहे. मी त्यांच्या गावी गेलो, अंगणात बसलो, शेजारच्या शिक्षकानं गोंडीत समजावून सांगितलं. किती सीडी निघणार, त्यातले किती रुपये त्यांचे, पुन्हा काढायची झाली तर आधी विचारायचं, हे सगळं एका पानावर लिहिलं. सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं अंगठा लावण्याआधी विचारलं, "आमची नावं लिवशील का?"

२०१२ च्या जत्रेतली सीडी कुलपाशिवाय निघाली. कव्हरवर सात नावं होती. आमगावात तिच्याही नकला निघाल्या असणार. मी पाहायला गेलो नाही.