अ‍ॅडमिन झालेल्या भाचीस

चि. अनघास,


गावच्या ग्रुपची अ‍ॅडमिन झालीस, हे तुझ्या आईकडून कळलं. नळाला पाणी कधी येणार, लासलगावला कांदा काय भावाने गेला, हे सगळं आता तुझ्या नजरेखालून जाणार. त्यातच कधीतरी मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ येईल. त्याआधी राईनपाड्याची हकिगत तुला ठाऊक असलेली बरी.

राईनपाडा हे धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं आदिवासी गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तिथे उतरले, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. टोळी फिरतेय, अशा मेसेजनी त्या भागातले फोन आधीच भरलेले. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठार मारलं. पिढ्यान्‌पिढ्या परक्या गावांत फिरून पोट भरणारी माणसं ती. परकं असणं एवढाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा होता.

त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेची जाहिरात होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात, मग परत आणून देतात आणि सावधगिरीची पाटी दाखवतात. परत आणून दिल्याचा भाग कुणीतरी कापला. बाकी काम भावकीने, मित्रांनी, शेजाऱ्यांनी केलं. अफवा पूर्वीही होत्याच, पण पारावर ‘तुला कुणी सांगितलं?’ असं विचारता यायचं. आता मेसेज मावसभावाच्या नावाने येतो आणि त्याच्यावरचा विश्वास मजकुराला आयता मिळतो.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. म्हणजे लगाम घालता येत होता. माणसं मेल्यावर घातला गेला.

मूळ मेसेज कुणी पाठवला ते शोधता आलं पाहिजे, असा नियम केंद्राने २०२१ मध्ये केला. ऐकायला रास्त वाटतो. पण एकाचा माग काढायचा तर सगळ्यांच्याच खाजगी बोलण्यावर खूण करावी लागेल, असं म्हणत व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. स्वतःच्या मालक कंपनीला आपली माहिती पुरवणाऱ्याने खाजगीपणाची बाजू मांडावी, हे गमतीचंच. तरी मुद्दा खोटा नाही.

कारण हातात काठी आली की ती कुणावर पडते, हे पालघरने २०१२ मध्ये पाहिलं. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असं फेसबुकवर विचारणाऱ्या तरुणीला अटक झाली. नुसतं लाइक करणाऱ्या मैत्रिणीलाही. तेव्हा वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं.

तुझ्यापुरतं सांगायचं, तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून गुन्हेगार धरता येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे. तेव्हा घाबरून ग्रुपला कुलूप लावू नको. टोळीचा मेसेज आला तर मात्र तो लगेच काढ, थोडा वेळ फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकेल असं सेटिंग कर आणि पोलीस पाटलांना फोन लाव. त्यांचा नंबर ग्रुपच्या माहितीत आजच टाक. रस्त्यावरून सरपंचांना कुणी चार शब्द सुनावले, तर त्याला काढायचं नाही. सरपंच तुझे सख्खे काका असले तरी.

तुझा,
मामा